शितावरून भाताची परीक्षा : कोळशाच्या धुराचा अंदाज यंत्र कसा बांधतं



'अंदाज', 'भाकीत' आणि 'भविष्य' हे तीन शब्द आपण बोलताना एकाच अर्थानं वापरतो. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र त्यांत फरक करायला हवा. भविष्य हे उद्याचं असतं. भाकीतही उद्याचंच, पण त्यामागे काही आधार असतो. अंदाज मात्र आत्ताचाही असू शकतो. हंड्यात किती पाणी उरलंय हे आत न डोकावता आवाजावरून सांगणं, हा अंदाज. संगणकाच्या जगात ज्याला 'मशीन लर्निंग' म्हणतात, म्हणजे यंत्रानं आकड्यांवरून शिकणं, ते मुख्यतः अशा अंदाजाचं शास्त्र आहे. त्याला ज्योतिष समजू नये.

या पाठात आपण त्याचा एकच उपयोग नीट समजून घेऊ : कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या चिमणीतून किती प्रदूषण बाहेर पडतं, याचा अंदाज यंत्र कसं बांधतं, आणि त्या अंदाजावर केव्हा विश्वास ठेवावा.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. हैदराबादेत आपण बटण दाबतो त्या विजेतला मोठा वाटा कोळशाचा असतो. नाशिककडून निघून नांदेडवरून खाली येणाऱ्या गोदावरीच्या काठी, पेद्दपल्ली जिल्ह्यात, रामगुंडमला एनटीपीसीचं २६०० मेगावॅटचं केंद्र आहे. वरच्या बाजूला, वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या शेजारी, चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र आहे. या चिमण्यांच्या आसपास माणसं राहतात, शाळा भरतात, शेतं पिकतात. तेव्हा 'चिमणीतून किती बाहेर पडतं?' हा प्रश्न त्यांच्या श्वासाचा आहे.

१. चिमणीतून काय बाहेर पडतं?

कोळशात कार्बन असतो, तो जळून कार्बन डायऑक्साइड होतो. त्याखेरीज तीन गोष्टी आपल्याला इथे महत्त्वाच्या :

पहिली, सल्फर डायऑक्साइड. कोळशातलं गंधक जळून हा वायू होतो. हवेत गेल्यावर त्याचे बारीक सल्फेट कण तयार होतात आणि ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात.

दुसरी, नायट्रोजनची ऑक्साइडं. त्यांना तंत्रज्ञ थोडक्यात 'नॉक्स' म्हणतात.

तिसरी, धूलिकण, म्हणजे उडती राख. भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण राख फार. पस्तीस-चाळीस टक्के राख ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये या तिन्हींवर, आणि पाऱ्यावरही, मर्यादा घातल्या. त्या केंद्राच्या वयानुसार आहेत. धूलिकणांसाठी २००४ च्या आधीच्या संचांना धुराच्या दर घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधल्यांना ५० आणि त्यानंतरच्यांना ३०. सल्फर डायऑक्साइडसाठी जुन्या संचांपैकी ५०० मेगावॅटच्या खालच्यांना ६००, ५०० आणि त्यावरच्यांना २००, आणि २०१७ नंतरच्या सगळ्यांना १००. (हे घनमीटर ठरावीक तापमानाला आणि दाबाला मोजतात, नाहीतर गरम धूर फुगून आकडा फसवा होतो.)

हे नियम २०१७ अखेर लागू व्हायचे होते. मुदत पुनःपुन्हा वाढली. २००४ ते २०१६ मधल्या संचांची नॉक्सची मर्यादा ३०० वरून ४५० केली गेली. जुलै २०२५ मध्ये तर मोठ्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित भागांपासून लांब असलेल्या बहुसंख्य केंद्रांना, चिमणीच्या उंचीच्या अटीवर, सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. हे लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी आपल्याला याकडे परत यायचं आहे.

२. जिथे हिशेब पुरतो तिथे यंत्र कशाला?

आजकाल कुठलाही प्रश्न आला की 'एआय लावा' म्हणतात. आधी पेन्सिल-कागद लावून बघूया.

समजा, ५०० मेगावॅटचा एक संच तासाला ३०० टन कोळसा जाळतो. कोळशात गंधक ०.५ टक्के, म्हणजे तासाला दीड टन. गंधकाचा अणुभार ३२ आणि दोन ऑक्सिजन मिळून ३२, म्हणून एक टन गंधकापासून दोन टन सल्फर डायऑक्साइड होतो. तासाला तीन टन. धूर किती? दर किलो कोळशामागे सहा घनमीटर धरला तर तासाला १८ लाख घनमीटर. तीन टनांचे मिलिग्रॅम करून भागा : दर घनमीटरमागे सुमारे १६६७ मिलिग्रॅम. थोडं गंधक राखेत अडकतं, म्हणून प्रत्यक्ष आकडा जरा कमी येईल. पण मर्यादा २०० ची आहे. धूर धुणारी यंत्रणा, म्हणजे 'एफजीडी', नसेल तर हा संच मर्यादेच्या जवळपासही येणार नाही, हे सांगायला कुठलंही यंत्र शिकवावं लागत नाही. शाळेतलं रसायन पुरतं.

आता राख बघा. ३०० टनांत ४० टक्के, म्हणजे १२० टन राख. त्यातली ८० टक्के धुराबरोबर उडते : ९६ टन. ती पकडायला 'ईएसपी' असतो. विजेचा भार दिलेल्या पत्र्यांवर तो राख ओढून घेतो. त्यानं ९९.९ टक्के राख पकडली तर तासाला ९६ किलो निसटते, म्हणजे घनमीटरमागे ५३ मिलिग्रॅम. आणि ९९.८ टक्के पकडली तर? दुप्पट, १०७ मिलिग्रॅम! कार्यक्षमतेत फरक फक्त ०.१ टक्क्याचा, पण चिमणीवर प्रदूषण दुप्पट. म्हणून 'आमचा ईएसपी नव्व्याण्णव टक्क्यांवर चालतो' हे वाक्य ऐकलं की पुढचा दशांश विचारायचा.

इथेच यंत्राची गरज दिसू लागते. सल्फर डायऑक्साइडचा हिशेब कोळशाच्या पिशवीतूनच निघतो. पण ईएसपीची ती दशांशाची कार्यक्षमता राखेच्या गुणधर्मांवर, धुराच्या तापमानावर आणि पत्रे कधी ठोकून साफ केले यावर हलत राहते. आणि नॉक्सचं तर विचारूच नका.

३. नॉक्सचा गुंता

नॉक्स दोन वाटांनी होतो. कोळशातला नायट्रोजन जळून, आणि हवेतला नायट्रोजन प्रचंड उष्णतेत ऑक्सिजनशी जुळून. दुसऱ्या वाटेचं गणित रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी मांडलं. साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे हा वेग झपाट्यानं वाढतो. म्हणजे भट्टीतल्या ज्योतीचा एखादा कोपरा जरा जास्त तापला, की नॉक्स एकदम चढतो.

आता बॉयलर चालवणाऱ्याच्या हातात काय काय आहे बघा : किती वीज काढायची, जादा हवा किती सोडायची, ती ज्योतीजवळ की वरून सोडायची, कोळसा दळणाऱ्या कोणत्या मिल चालू ठेवायच्या, बर्नर वर कलवायचे की खाली. हवा कमी केली तर नॉक्स घटतो, पण कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा वाढवली तर उलटं. शिवाय यातला प्रत्येक घटक दुसऱ्याचा परिणाम बदलतो. असं पंधरा-वीस दोऱ्यांचं जाळं सूत्रात बसवणं कठीण, पण त्याच्या नोंदी मात्र कंट्रोल रूममध्ये मिनिटामिनिटाला साठत असतात. सूत्र नाही, पण नोंदी भरपूर, ही यंत्रशिक्षणाची खरी जागा.

हे नवंही नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, हॅमंड केंद्राच्या ५०० मेगावॅटच्या चौथ्या संचावर 'जीनोसिस' नावाची प्रणाली बसवली होती. तिच्यात न्यूरल नेटवर्क होतं. ते बॉयलरच्या नोंदींवरून नॉक्स आणि कार्यक्षमता यांचं नातं शिकायचं आणि हवा-कोळशाची मांडणी कशी बदलावी हे चालकाला सुचवायचं.

४. यंत्र शिकतं म्हणजे काय करतं?

सगळ्यात सोपी पद्धत, प्रश्नांचं झाड. 'संच ४०० मेगावॅटच्या वर चालतोय का?' हो. 'धुरातला ऑक्सिजन ३.५ टक्क्यांच्या वर आहे का?' हो. 'वरची मिल चालू आहे का?' नाही. असं करत फांदीच्या टोकाला पोचलं की तिथे जुन्या नोंदींची सरासरी लिहिलेली असते : समजा, ३८० मिलिग्रॅम. कुठला प्रश्न कधी विचारायचा हे यंत्र स्वतः ठरवतं. ज्या प्रश्नानं चूक सगळ्यात कमी होते तो आधी.

एकच झाड हट्टी असतं, जुन्या नोंदी पाठ करून टाकतं. म्हणून शेकडो झाडं, प्रत्येकाला नोंदींचा वेगळा वाटा देऊन, वाढवायची आणि सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी घ्यायची. लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडलेली ही 'रँडम फॉरेस्ट' पद्धत. गावच्या चार शहाण्यांना वेगवेगळं विचारून मग ठरवावं, तसंच हे. झाडांऐवजी न्यूरल नेटवर्कही चालतं. 'एलएसटीएम' नावाचा त्याचा प्रकार मागच्या काही मिनिटांची आठवण ठेवतो, म्हणून पुढच्या तासाचं भाकीत करायला तो वापरतात.

पण झाडाच्या पद्धतीची एक मर्यादा पक्की ध्यानात ठेवा. टोकाला जुन्या नोंदींची सरासरीच असल्यामुळे, शिकताना जे कधी पाहिलं नाही त्याच्या पलीकडचा आकडा ते सांगूच शकत नाही. शिकवताना सगळ्यात मोठा आकडा ५०० असेल, तर प्रत्यक्षात ८०० झाले तरी ते पाचशेच्या आतच राहील. म्हणजे सगळ्यात वाईट दिवशी, जेव्हा अंदाज सगळ्यात गरजेचा, तेव्हाच हे यंत्र सगळ्यात सौम्य बोलतं.

५. परीक्षेतली कॉपी

यंत्राची परीक्षा घ्यायची तर काही नोंदी शिकवायला द्यायच्या आणि काही झाकून ठेवायच्या. झाकलेल्या नोंदींवर सरासरी चूक किती, ते मोजायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पण शीत कुठून काढलं?

वर्षभराच्या मिनिटामिनिटाच्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसून त्यांतल्या वीस टक्के झाकल्या, असं समजा. सकाळी १०.०१ ची नोंद झाकलेली, पण १०.०० आणि १०.०२ च्या नोंदी यंत्रानं पाहिलेल्या. बॉयलर एका मिनिटात फारसा बदलत नाही. मग यंत्राला शिकावं लागतच नाही, शेजारच्याचं बघून उत्तर लिहिता येतं. चूक फार लहान दिसते, अहवाल छान होतो, आणि केंद्रावर बसवल्यावर सगळं कोसळतं.

योग्य रीत अशी : जानेवारी ते सप्टेंबरवर शिकवा, ऑक्टोबर ते डिसेंबरवर परीक्षा घ्या. वेळेनुसार कापा, पिसू नका. आणि पुढच्या मिनिटाचं भाकीत करायचं असेल तर तुलनेला एक 'बिनडोक' अंदाजही ठेवा : मागच्या मिनिटाचाच आकडा पुढच्याला सांगायचा. यंत्रानं त्याला हरवलं नाही, तर एवढा खटाटोप कशाला?

पुन्हा, कोळसा बदलतो. नवी खाण लागते, पावसाळ्यात कोळसा ओला येतो, आयात कोळसा मिसळतात, बर्नर झिजतात. मार्चमध्ये शिकलेलं ऑगस्टमध्ये शिळं होतं. म्हणून यंत्राला अधूनमधून नव्या नोंदींवर पुन्हा शिकवावं लागतं, आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघावं लागतं.

६. मापकच खोटं बोलत असेल तर?

इथपर्यंत आपण धरून चाललो की चिमणीवरचा मापक खरं सांगतो. यंत्राला गुरू एकच, तो मापक. गुरूनं चुकीचं सांगितलं तर शिष्य अगदी इमानदारीनं तेच शिकेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना, त्यांत औष्णिक वीजही आली, चिमणीवर सतत मोजणारी आणि आकडे ऑनलाइन पाठवणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. ही चांगली गोष्ट. पण मापकाला कॅलिब्रेशन लागतं, त्याची नळी राखेनं तुंबते, आणि आकडे कोणाच्या हातून जातात हाही प्रश्न असतोच.

याचं एक उदाहरण गुजरातमधलं आहे. ते वीजकेंद्रांचं नाही, कारखान्यांचं आहे, पण धडा तोच. तिथे कारखान्यांच्या प्रदूषणाचं ऑडिट खासगी ऑडिटर करायचे, आणि त्यांना निवडायचा आणि पैसे द्यायचा तो कारखानाच. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाबरोबर दोन वर्षं प्रयोग केला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. धूलिकणांची मर्यादा होती १५०. जुन्या पद्धतीच्या अहवालांत आकड्यांची गर्दी नेमकी १५० च्या जरा खाली दिसली. स्वतंत्रपणे मोजलं तर अनेक कारखाने त्याच्या वर होते. मग काही कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठीनं नेमून दिले, त्यांचे पैसे एका सामायिक निधीतून ठरावीक दरानं दिले, आणि त्यांच्या मोजणीची फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे होऊ लागले. आणि त्याहून महत्त्वाचं, त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

आता कल्पना करा, त्या जुन्या अहवालांवर कोणी उत्तम रँडम फॉरेस्ट शिकवलं असतं. ते काय शिकलं असतं? की कारखाना कुठलाही असो, उत्तर १५० च्या जरा खाली. आणि परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, कारण उत्तरपत्रिकाही त्याच अहवालांची.

७. मग अंदाजाचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. फक्त त्याला योग्य आसनावर बसवायला हवं.

एक, चालकाचा मदतनीस म्हणून. हॅमंडला केलं तसं, नॉक्स चढायच्या आधी कुठली हवा कमी करायची हे सुचवायला.

दोन, मापकाचा साक्षीदार म्हणून. शिकलेलं यंत्र सांगतंय नॉक्स ४२० असावा आणि मापक दाखवतोय २९०, तर दोघांपैकी एक चुकतोय. संच दुपारी अर्ध्या भारावर आला, ऑक्सिजन बदलला, मिल बंद झाली, तरी मापकाचा आकडा तासन्‌तास जागचा हलत नाही, हे पकडायला यंत्र माणसापेक्षा चांगलं. ते डुलकी घेत नाही. पण त्या साक्षीदाराला आधी स्वतंत्रपणे तपासलेल्या, खऱ्या नोंदींवर शिकवलेलं असलं पाहिजे.

तीन, मापक थोडा वेळ बंद पडला तर मधली पोकळी भरायला. पण तिथे 'हा अंदाज आहे' असं स्पष्ट लिहून.

जे करू नये ते असं : मापकाच्या जागीच अंदाज बसवणं. अमेरिकेत काही ठिकाणी अशा अंदाजी यंत्रणेला परवानगी आहे, पण तिला प्रत्यक्ष मोजमापाशी ठरावीक कसोट्यांवर ताडून घ्यावं लागतं, आणि ती शोभते मुख्यतः नैसर्गिक वायूवर, कारण वायूचा दर्जा फारसा बदलत नाही. कोळसा दर वाघिणीगणिक बदलतो. त्याच्या बाबतीत मोजण्याला पर्याय नाही.

आता पहिल्या भागातल्या मर्यादांकडे परत या. सल्फर डायऑक्साइडचा हिशेब आपण दोन ओळींत केला. तो कळण्यात कुठलीच अडचण नव्हती. अडचण एफजीडीच्या खर्चाची, मुदतीची आणि इच्छेची होती. ती यंत्र सोडवत नाही. यंत्र सांगेल 'किती'. 'किती चालेल' हे समाजानं ठरवायचं असतं. तो निर्णय घेणाऱ्यांत चिमणीच्या सावलीत राहणारा माणूस असला पाहिजे, आणि त्याला हे आकडे वाचता आले पाहिजेत, त्याच्या भाषेत. मराठीतून, तेलुगूतून, कन्नडमधून हा विषय मांडायचा तो त्याचसाठी.

अभ्यासासाठी

१. एक संच तासाला २५० टन कोळसा जाळतो, गंधक ०.४ टक्के, धूर १५ लाख घनमीटर. सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण काढा. (उत्तर : सुमारे १३३३ मिलिग्रॅम.)

२. दुसऱ्या भागातल्या संचाचा ईएसपी ९९.९५ टक्क्यांवर आणला तर धूलिकण किती? हा संच २००४ ते २०१६ मधला असेल तर मर्यादेत बसेल का? आणि २०१७ नंतरचा असेल तर?

३. एका मित्राच्या यंत्राची सरासरी चूक नोंदी पिसून ४ मिलिग्रॅम येते आणि वेळेनुसार कापून २२. केंद्राच्या व्यवस्थापकाला त्यानं कुठला आकडा सांगावा? का?

४. 'अंदाज', 'भाकीत', 'भविष्य', 'अटकळ', 'होरा' : या शब्दांचा प्रत्येकी एक वाक्यात उपयोग करा आणि यांपैकी कुठला शब्द यंत्राच्या कामाला सगळ्यात नेमका बसतो, यावर मंडळाच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं बोला.